बढती कशी मागायची: पहिल्यांदाच मागणाऱ्यांसाठी

बढती साहेबांच्या केबिनमध्ये ठरते असं नवीन लोकांना वाटतं. थोडं मोठं ऑफिस असेल तर ती ठरते अशा एका बैठकीत, जिथे तुम्हाला कुणी बोलावलेलं नसतं. तुमचे साहेब, त्यांच्या बरोबरीचे काही मॅनेजर, वरचे एखादे साहेब आणि एचआरचं कुणीतरी बसलेलं असतं. समोर नावांची यादी असते आणि जागा नावांपेक्षा कमी असतात. प्रत्येक जण आपल्या माणसाची बाजू मांडतो, बाकीचे शंका काढतात. तुमच्या नावाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्या मिनिटांत तुमचे साहेब काय बोलतात आणि "कोण? मी तर नाव ऐकलं नाही" असं कुणी म्हणालं तर त्यावर त्यांच्याकडे काय उत्तर असतं, यावर बरंच काही अवलंबून असतं.

म्हणून साहेबांना कसं पटवायचं यापेक्षा साहेबांना दुसऱ्यांना पटवता यावं यासाठी त्यांच्या हातात काय द्यायचं, ते इथे जास्त सांगितलंय. ऑफिस लहान असेल आणि मालक एकटाच ठरवत असेल, तर वेळापत्रकाचा भाग सोडून द्या. बाकीचं तसंच लागू पडतं.

आधी नक्की काय हवंय ते ठरवा

"बढती हवी" म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं की वेगवेगळी कारणं बाहेर येतात. कुणाला पगार पुरत नाही. कुणाला त्याच त्या कामाचा कंटाळा आलाय. कुणाच्या बरोबर लागलेल्या माणसाच्या नावाआधी 'सीनियर' लागलं आणि ते टोचतंय. कुणाला खरंच मोठी जबाबदारी हवी आहे.

प्रश्न पगाराचाच असेल तर सरळ पगारवाढ मागा. ती ग्रेड न बदलताही देता येते आणि बऱ्याच ठिकाणी साहेबांसाठी ती मिळवणं बढतीपेक्षा सोपं असतं. कंटाळा आला असेल तर दुसरं प्रोजेक्ट किंवा दुसरी टीम मागा, कारण बढतीनंतर तेच काम आणखी मोठ्या प्रमाणात गळ्यात पडू शकतं. आणि वरच्या पदावर माणसं सांभाळावी लागतात का, ते नीट बघून घ्या. काही कंपन्यांत माणसं न सांभाळता, आपल्या विषयातला जाणकार म्हणून वर जायची वेगळी वाट असते. सगळीकडे नसते. दुसऱ्यांच्या रजा मंजूर करणं, त्यांची भांडणं सोडवणं आणि त्यांच्या चुकांसाठी वरून बोलणी खाणं यात तुम्हाला काडीचाही रस नसेल, तर तो विचार आत्ताच केलेला बरा.

आपल्याकडे बढती कशी होते ते शोधून काढा

ढोबळ मानाने दोन पद्धती असतात. एकीत वरची जागा रिकामी व्हावी लागते किंवा नवीन तयार व्हावी लागते. दुसरीत ग्रेडची शिडी असते, म्हणजे वरच्या ग्रेडचं काम तुम्ही करताय हे सिद्ध झालं की जागा रिकामी नसतानाही वर जाता येतं. तुमच्याकडे पहिली पद्धत असेल तर कितीही चांगलं काम केलं तरी कुणीतरी हलेपर्यंत थांबावं लागणार, आणि मग नवीन टीम कुठे उभी राहतेय यावर नजर ठेवणं जास्त कामाचं. जिथे ज्येष्ठता यादीने किंवा खात्याच्या परीक्षेने बढती होते, तिथे मागण्याला फारसा वावच नसतो. तिथे हा लेख बाजूला ठेवून अभ्यासाला बसा.

नंतर पात्रतेचे नियम. सध्याच्या ग्रेडमध्ये किमान किती काळ काढावा लागतो, मागचं रेटिंग किती हवं, मुलाखत असते का, हे बहुधा एचआरच्या धोरणात लिहिलेलं असतं. नसेल तर एचआरला विचारा. हे विचारण्यात चोरीछुपं काही नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे बढती-पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर, लोक बढतीचा विषय काढतात. उलट्या क्रमाने बघा: पत्राच्या आधी सह्या झालेल्या असतात, त्याआधी बजेट मंजूर झालेलं असतं, त्याआधी ती बैठक झालेली असते आणि त्याही आधी साहेबांनी नावं पाठवलेली असतात. फॉर्म भरताना तुम्ही "अपेक्षा" या रकान्यात काही लिहिता, तेव्हा यादी बऱ्याचदा तयार असते. म्हणून "सर, बढतीसाठी नावं वर कधी जातात?" हा प्रश्न वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. उत्तर मिळालंच नाही तर पत्र येतं त्या महिन्यापासून सहा महिने मागे या आणि तिथून कामाला लागा.

कामाची नोंद ठेवा

वर्षभर काय केलं हे वर्षाच्या शेवटी कुणालाच आठवत नाही, तुम्हालाही नाही. साहेबांना तर शेवटचे दोन महिनेच आठवतात. त्यात नेमकी एखादी गडबड झाली असेल तर तीच.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दहा मिनिटं काढा आणि एका फाइलमध्ये लिहा: काय पूर्ण केलं, कुणाला उपयोग झाला, आधी काय होतं आणि आता काय आहे. कुणी मेलवर कौतुक केलं तर तो मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मात्र ऑफिसचे मेल, ग्राहकांची नावं, आकडे यातलं काहीही स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवू नका. त्यावरून नोकरीही जाऊ शकते. फाइल ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर राहू दे.

नोंद कशी लिहायची याचं एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही लिहिलंत:

"महिनाअखेरचा रिपोर्ट वेळेवर दिला."

हे वाचून साहेबांना त्या बैठकीत बोलण्यासारखं काहीच मिळत नाही. रिपोर्ट वेळेवर देणं हे तुमचं कामच आहे. आता हे बघा:

"महिनाअखेरचा रिपोर्ट तीन विभागांकडून आकडे मागवून हाताने जुळवावा लागायचा, त्यात तीन दिवस जायचे. विभागांशी बोलून सगळ्यांचा तक्ता एकसारखा केला. आता अर्ध्या दिवसात होतो. अकाउंट्सला आकडे दोन दिवस आधी मिळतात. नवीन आलेल्या सहकाऱ्याला शिकवून ठेवलंय, मी रजेवर असलो तरी अडत नाही."

यात आकडा आहे, दुसऱ्या विभागाचा फायदा आहे, चार लोकांना एका गोष्टीवर राजी करणं आहे आणि आपल्यावाचून काम अडू नये याची सोयही आहे. शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. खरं तर ज्याच्यावाचून पान हलत नाही, त्याला जागेवरून हलवायला कुणी धजावत नाही.

आकडा कुठून आणायचा असं काही जण विचारतात, कारण प्रत्येक काम मोजता येत नाही. वाचलेला वेळ, कमी झालेल्या तक्रारी, पुन्हा करावं न लागलेलं काम, किती लोक ती गोष्ट वापरतात, यातलं एखादं तरी बहुतेक कामांत सापडतं. नाहीच सापडलं तर आकडा रचू नका. बैठकीत कुणी "हे कुठून आलं?" विचारलं आणि साहेब गप्प झाले, तर पुढच्या वर्षी ते तुमचं नाव घेणार नाहीत.

वरच्या पदाचं काम थोडं आधीच करून दाखवा

आपल्या पदाचं काम उत्तम केलं की चांगलं रेटिंग मिळतं, पण बढती मिळेलच असं नाही. यावर नवीन मंडळी फार चिडतात, पण त्यामागे कारण आहे. माणूस एकेक पायरी चढत शेवटी आपल्याला न झेपणाऱ्या पदावर जाऊन पोहोचतो, असं लेखक लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये अर्ध्या चेष्टेत मांडलं होतं. पुढे २०१९ मध्ये बेन्सन, ली आणि शू या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विक्री विभागांची आकडेवारी तपासून शोधनिबंध प्रसिद्ध केला. जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर होण्याची संधी जास्त मिळत होती, पण तेच मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने घसरत होती. बैठकीतल्या लोकांनी हा निबंध वाचलेला नसेल, पण असे अनुभव त्यांनी घेतलेले असतात. त्यामुळे "पोरगा मेहनती आहे" एवढ्यावर ते मान डोलावतात आणि पुढच्या नावाकडे वळतात.

वरच्या पदावर कामाचा ढीग मोठा असतो हे खरं, पण मुख्य फरक कामाच्या जातीत असतो. तुमच्या पदावर काय करायचं हे सांगितलं जातं. वरच्या पदावर काय करायचं हेच आधी शोधावं लागतं, आणि ते दुसऱ्यांकडून करून घ्यावं लागतं. वरच्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन मिळवा. त्या पदावरच्या एखाद्या चांगल्या माणसाचा आठवडा कशात जातो ते बघा. मग त्यातलं एक काम साहेबांकडून मागून घ्या: नवीन माणसाला तयार करणं, दुसऱ्या विभागाबरोबरची साप्ताहिक मीटिंग चालवणं, किंवा कुणीच हात न लावलेला एखादा रखडलेला विषय. एकच, पण तडीस न्या.

प्रत्येक जादा काम मात्र बढतीच्या खात्यात जमा होत नाही. मीटिंगची टिपणं काढणं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, कुणीतरी करायलाच हवं पण नंतर कुणाला आठवतही नाही अशी कामं असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा कामांसाठी बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे होतात, त्यांच्याकडेच ती जास्त मागितली जातात आणि मागितल्यावर त्या जास्त वेळा होकारही देतात. सगळ्याला नकार देऊन वाईटपणा घ्यायची गरज नाही. "मागच्या वेळी टिपणं मी काढली होती, आता पाळी लावू या का?" एवढं बोललं तरी पुरतं.

साहेबांशिवाय आणखी एक-दोन मॅनेजरना तुमचं काम ठाऊक असायला हवं, हेही याच कामांतून साधतं. घरून काम करत असाल तर हे मुद्दाम करावं लागतं. कॅमेरा बंद करून मीटिंग ऐकणाऱ्याचं नाव बैठकीत कुणाला आठवेल?

पहिल्या भेटीत फक्त इरादा सांगा

या भेटीत बढती मागायची नाही. वेळ मागताना विषय सांगून टाका, म्हणजे हा राजीनामा द्यायला येतोय की काय या धास्तीत साहेब दोन दिवस राहणार नाहीत:

"मॅडम, पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? माझ्या पुढच्या वाटचालीबद्दल तुमचं मत हवं होतं."

आणि समोर बसल्यावर:

"पुढच्या फेरीत माझा वरच्या पदासाठी विचार व्हावा अशी माझी इच्छा आहे. आज मागायला आलो नाही. तुमच्या दृष्टीने माझ्यात काय कमी आहे आणि काय दिसलं तर तुम्ही माझं नाव पुढे कराल, ते समजून घ्यायचं होतं."

यापुढे ऐकायचं काम जास्त. "तुम्ही जरा जास्त पुढाकार घ्यायला हवा" अशी गुळमुळीत उत्तरं आली तर तिथेच सोडू नका. "गेल्या दोन-तीन महिन्यांत मी कुठे पुढाकार घ्यायला हवा होता?" असा साधा प्रश्न विचारा. प्रसंग सांगितला की नेमकं काय म्हणायचंय ते कळतं. उणिवा ऐकताना सफाई देत बसू नका. एकदा वाद घातलात की पुढच्या वेळी खरं कुणी सांगत नाही.

त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, मला समजलेले दोन-तीन मुद्दे हे, त्यावर मी हे करतोय, दोन महिन्यांनी पुन्हा बोलू. साहेब बदलले, त्यांची बदली झाली किंवा ते विसरले, तर हाच मेल उपयोगी पडतो. साहेब सोडून चालले असतील तर त्यांच्या शेवटच्या दिवसाआधी "माझ्याबद्दल नवीन मॅडमना दोन ओळी लिहून ठेवाल का?" असं जरूर म्हणा. एरवी तुमची पाटी नव्या साहेबांपुढे कोरी असते.

एक पान लिहा

दुसऱ्या भेटीआधी एक पान तयार करा. एकच. वर कुठलं पद हवंय ते एका ओळीत. खाली तीन किंवा चार कामं, आधी-नंतर या पद्धतीने. मग वरच्या पदाचं कुठलं काम तुम्ही आत्ताच करताय. मग पहिल्या भेटीत सांगितलेल्या उणिवा आणि त्यावर काय केलं. शेवटी, बढती मिळाली तर पहिल्या सहा महिन्यांत काय हाती घ्याल. त्यातली वाक्यं अशी हवीत की साहेबांना ती जशीच्या तशी स्वतःच्या मेलमध्ये टाकता येतील. "मी अत्यंत प्रामाणिकपणे व निष्ठेने" वगैरे भाषा नको.

आता मागा

दिवस बघून जा. वरून नुकतीच झाडाझडती झालेली असताना, एखादी डेडलाइन डोक्यावर असताना किंवा जिन्यात गाठून हा विषय काढायचा नसतो. साहेबांच्या हातात पान द्या, दोन मिनिटांत मुख्य मुद्दे सांगा आणि स्पष्ट विचारा:

"या फेरीत तुम्ही माझं नाव पुढे कराल का?"

आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं. शांतता असह्य होऊन लोक स्वतःच म्हणतात, "नाही म्हणजे, जमलं तरच, नाहीतर पुढच्या वर्षी..." साहेबांना आयती सुटका मिळते.

काही गोष्टी बोलू नका. घराचे हप्ते वाढलेत, लग्न ठरलंय, हे खरं असलं तरी साहेबांना ते त्या बैठकीत सांगता येत नाही. "त्याला दिली, मग मला का नाही?" म्हणालात की चर्चा तुमच्यावरून त्याच्यावर जाते. "मला तीन वर्षं झाली" ही पात्रतेची अट असू शकते, कारण नाही. आणि हातात नसलेल्या ऑफरची धमकी देऊ नका. "बरं, शुभेच्छा" असं उत्तर आलं तर काय करणार? खरी ऑफर असली तरी ती पुढे करण्याआधी जायची तयारी आहे का ते ठरवा.

काय उत्तर येईल आणि त्यावर काय म्हणायचं

"बघू." हे सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर. त्यावर हसून "नक्की सर, मग पंधरा तारखेनंतर विचारू का?" असं म्हणून तारीख घ्या. त्या तारखेला खरंच विचारा.

"बजेट नाही." हे खरं असू शकतं. तेव्हा बढती आणि पैसे वेगळे करून बघा: पद आत्ता आणि वाढ पुढच्या फेरीत, असं होईल का? हे मान्य करायचं असेल तर वाढ कधी, ते लेखी घ्या. नुसतं पद आणि दुप्पट काम घेऊन दोन वर्षं थांबलेले लोक प्रत्येक ऑफिसात असतात.

"माझ्या हातात नाही." मग कुणाच्या हातात आहे आणि त्यांना काय दाखवावं लागेल, हे विचारा. वरच्या साहेबांना परस्पर जाऊन भेटू नका. "मी त्यांच्याशी बोललं तर चालेल का, की आपण दोघं बोलू या?" असं आपल्या साहेबांनाच विचारलं की त्यांना डावलल्यासारखं होत नाही.

"अजून तयार नाही." ऐकायला सगळ्यात वाईट, पण पुढे जायला सगळ्यात सोयीचं. दोन उणिवा, दोन कामं आणि एक तारीख ठरवून घ्या आणि पुन्हा तोच चार ओळींचा मेल पाठवा. सांगितलेलं सगळं करूनही पुढच्या फेरीत नवीनच उणीव निघाली, तर समजा की अडचण वेगळी आहे. तेव्हा शांतपणे बायोडाटा अद्ययावत करायला घ्या. ते एक पान तिथेही कामाला येतं.

"हो." आनंद व्हायला हरकत नाही, पण याचा अर्थ साहेब नाव पुढे करतील एवढाच. बैठक व्हायची आहे. पत्र येईपर्यंत चारचौघांत बोलू नका.

पत्र आलं की सही करण्याआधी वाचा

पदनाम बदललं पण ग्रेड तीच राहिली, असं होतं. दोन्ही तपासा. बढती कुठल्या तारखेपासून लागू आहे आणि वाढ त्याच तारखेपासून आहे का, ते बघा. पगाराचा एकूण आकडा वाढलेला दिसतो, पण वाढ सगळी कामगिरीवर अवलंबून असलेल्या भागात असेल तर दरमहा हातात येणारी रक्कम तेवढीच राहते. वरच्या ग्रेडला नोटीस पिरियड वाढतो का, ओव्हरटाइम बंद होतो का, नव्या पदावर पुन्हा प्रोबेशन आहे का, हेही विचारा.

आणि जुनं काम. बढतीनंतर ते आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, तुमच्याच टेबलावर राहतं आणि वर नवीन येऊन पडतं. म्हणून आभार मानायला जाल त्याच भेटीत विचारून घ्या: "माझं सध्याचं काम कुणाकडे द्यायचं आणि कधीपर्यंत?" नाव आणि तारीख मिळाली की त्याच संध्याकाळी हस्तांतराची यादी करून पाठवा.